आईनं धुतलेलं तळं

आई सांगलीहून आली की पहिल्या आठवड्यात माझं फ्रीमाँटचं घर घासूनपुसून लख्ख करते. दुसऱ्या आठवड्यात डबे, पडदे, लेकीचे बूट आणि नवऱ्याच्या लॅपटॉपचा कीबोर्ड. तिसऱ्या आठवड्यात तिला घासायला काही उरत नाही, आणि तिथून पुढे माझ्या जिवाला घोर लागतो. मागच्या खेपेला त्या तिसऱ्या आठवड्यात तिनं आमच्या शेजाऱ्याचं तळं धुऊन काढलं. आता मी हे हसत सांगते. त्या दिवशी माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं.

शेजारी स्कॉटलंडचा. वय एकोणऐंशी, आणि भुवया इतक्या दाट की त्यांत एखाद्या चिमणीनं घरटं केलं असतं तर त्याला आनंदच झाला असता. जन्मभर त्यानं एकच काम केलं. रानातले पशुपक्षी बघत बसायचं आणि ते जलरंगात उतरवायचे. तरुणपणी एका अमेरिकन नर्सच्या मागे इकडे आला, चाळीस वर्षं संसार केला, आणि ती गेल्यावर मोठं घर विकून आमच्या भिंतीला भिंत लावून राहायला आला. आमची ओळख मात्र भांडणातून व्हायची होती. 'कोणी म्हातारा सकाळपासून गाडीत बसून दुर्बीण रोखून घरांकडे बघतोय,' असा मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरला. लोक पोलिसांना बोलवायच्या बेतात. मी म्हटलं, थांबा, आधी मी बघते. पदर खोचायला पदर नव्हता, म्हणून स्वेटरच्या बाह्या वर करून गेले आणि गाडीची काच ठोठावली. त्यानं ओठांवर बोट ठेवून मला शेजारच्या सीटवर बसायची खूण केली. आमच्याच लिंबाच्या झाडावर हमिंगबर्डनं घरटं केलं होतं, अर्ध्या अक्रोडाएवढं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. त्याच्या मांडीवर कागदाची पाटी, हातात ब्रश. "पाखरं माणसाला घाबरतात, गाडीला नाही," तो कुजबुजला. भांडायला गेलेली मी दोन तासांनी त्याची विद्यार्थिनी होऊन गाडीतून उतरले.

तेव्हापासून मंगळवारची सकाळ माझी. नवरा सनीव्हेलच्या ऑफिसात, लेक शाळेत, आणि मी शेजारच्या गॅरेजमध्ये, कारण त्यानं गाडी कायमची रस्त्यावर काढून गॅरेजचा स्टुडिओ केला होता. खरं सांगते, आठ वर्षं डिपेंडंट व्हिसावर घरात बसून काढल्यावर या देशात फक्त माझं असं मला पहिल्यांदा जे मिळालं ते त्या गॅरेजमध्ये. पुढे वर्क परमिट आलं, घरून अर्धवेळ नोकरी लागली, तरी मंगळवार मी सोडला नाही. फी म्हणून त्यानं डबा ठरवून घेतला होता. थालीपीठ असलं की त्या दिवशी तो जरा कमी झापायचा.

कारण शिकवायचा म्हणजे झापायचाच. माझा पहिला बगळा बघून म्हणाला, "छान आहे. याचा पासपोर्ट काढायचाय का?" पक्षी उभा कसा आहे ते सोडून मी त्याची पिसं मोजत बसायचे, हा माझा गुन्हा. मग मला हात मागे बांधून दहा मिनिटं नुसतं बघायला लावायचा आणि त्यानंतर एकच रेघ मारू द्यायचा. पांढरा रंग त्याच्या गॅरेजमध्ये वर्ज्य. बगळा पांढरा दिसायला हवा असेल तर बगळ्याभोवतीचं सगळं रंगवायचं आणि त्याची जागा कोरी सोडून द्यायची. मी म्हटलं, म्हणजे बगळ्याला हातच लावायचा नाही होय. तो म्हणाला, "तळ्यावर गेलीस की लावतेस?"

त्याच्या गॅरेजच्या खिडकीत सात बरण्या होत्या. जॅमच्या रिकाम्या बरण्या, प्रत्येकीत गढूळ पाणी आणि प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवलेली. ज्या जागचा प्राणी त्याच जागचं पाणी रंगात कालवायचं, असा त्याचा नेम. खाडीतल्या शेकाट्या पक्ष्याला खाडीचं पाणी, डोंगरातल्या हरणाला तिथल्या ओढ्याचं. मला ते नुसतं खूळ वाटलं होतं. तर त्यानं एकच निळा रंग दोन पाण्यांत कालवून कागदावर लावून दाखवला. खाऱ्या पाण्यातला वाळताना दाणेदार फुटला, ओढ्याच्या पाण्यातला मऊ पसरला. मी हसायची थांबले.

सातवी बरणी त्याच्या गावच्या तळ्याची होती. तिकडची जमीन म्हणजे शेकडो वर्षं कुजत पडलेलं शेवाळ, त्यामुळे तळ्याचं पाणीच मुळात कोऱ्या चहाच्या रंगाचं. शेवटचा गावी गेला तेव्हा त्यानं ते भरून आणलं होतं. नंतर त्याचं हृदय कुरकुरायला लागलं आणि डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला. आता बरणीत चार बोटं पाणी उरलं होतं आणि ते एकाच चित्रासाठी राखून ठेवलेलं होतं. लहानपणी त्या तळ्यात त्यानं एक पाणमांजर पाहिलं होतं, तेच ते चित्र. आकाश झालं होतं, डोंगर झाला होता. तळं आणि पाणमांजर बाकी होतं. "हे पुरं झालं की मी एकदा घरी जाऊन आलो असं समजेन," असं तो एका मंगळवारी म्हणाला, आणि लगेच माझ्या बगळ्याच्या पायांवर घसरला.

आईची आणि त्याची गट्टी पहिल्याच दिवशी जमली. एकाला दुसऱ्याचा शब्द कळत नव्हता, त्यामुळे मतभेदाला जागा नव्हती. आम्ही सगळे 'आई' म्हणतो म्हणजे तेच तिचं नाव असणार, असं समजून तोही तिला 'आई' म्हणायला लागला. आई चौऱ्याहत्तरची. "बघ बाई, या वयात मला माझ्याहून पाच वर्षांनी मोठा मुलगा झाला," म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या डब्यात तुपाची वाटी वेगळी जाऊ लागली.

फक्त एक गोष्ट तिला सोसवायची नाही. ब्रशचं टोक सुईसारखं व्हावं म्हणून तो दर दोन मिनिटांनी ब्रश ओठांत धरून ओढायचा, आणि तसाच परत पाण्यात बुडवायचा. डॉक्टरांनी रंग पोटात जातो म्हणून बजावलं होतं, पण साठ वर्षांची सवय. आईला रंगाचं काही नव्हतं.

"अगं, तोंडात घातलेलं परत पाण्यात? म्हणजे त्या सातही बरण्या उष्ट्याच की."

"त्याचं पाणी, त्याचं तोंड. तुला कुठं प्यायचंय ते?"

"प्यायचं नसलं तरी दिसतं ना डोळ्यांना."

उष्ट्याबाबत इतकी कडक असणारी माझी आई प्रवासाला निघते तेव्हा बॅगेत लुगड्याच्या घडीत गुंडाळून गंगेचा गडू आणते. तांब्याचा, तोंड झाळून बंद केलेला, मुठीत मावेल एवढा. बाबा आणि ती काशीला गेले होते तेव्हा त्यांनी असे दोन आणले. एक बाबांच्या वेळी फोडला. दुसरा हिचा. मी तिला दर खेपेला चिडवते की तुझा ट्रॅव्हल इन्शुरन्स काढलाय, हे कशाला. ती म्हणते, "तो तुमच्या समाधानासाठी. हा माझ्या." आल्या आल्या तो गडू आमच्या किचनमधल्या कपाटात देवांच्या शेजारी जाऊन बसतो.

तर झालं असं की शेजाऱ्याला पेसमेकर बसवायला तीन दिवस हॉस्पिटलमध्ये ठेवलं. जाताना त्यानं माझ्या हातात किल्ली दिली आणि अंगणातल्या पाखरांना दाणे घालायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नेमका माझा कॉल होता, तो काही कॅन्सल करता येईना. मी किल्ली आईला दिली. म्हटलं, दाणे घाल आणि ये. ती दीड तासानं आली. चेहरा तृप्त, बाह्या ओल्या.

"जरा आवरून आले," म्हणाली. "दवाखान्यातून माणूस घरी यायचा, त्याला कसं प्रसन्न वाटायला नको?"

मी लॅपटॉप तसाच टाकून धावले. गॅरेजला लिंबाच्या साबणाचा वास. काच इतकी स्वच्छ की क्षणभर मला वाटलं काच काढूनच नेली. आणि टॉवेलवर ओळीनं पालथ्या घातलेल्या सात बरण्या, पारदर्शक, आतून-बाहेरून घासलेल्या. चिठ्ठ्यासुद्धा भिजवून, खरवडून काढलेल्या. मागून आई आली आणि म्हणाली, "बघ, नव्या झाल्या."

"पाणी कुठंय?"

"वाया कशाला घालवेन? एकाला खारट वास येत होता, ते मोरीत ओतलं. बाकीचं सगळं आपल्या कढीपत्त्याला."

मी तिला सातव्या बरणीची गोष्ट सांगितली. आधी ओरडूनच सांगायला सुरुवात केली, पण तिचा चेहरा बघून आवाज आपोआप खाली आला. ती त्याच्या स्टुलावर बसली. आपल्या हातांकडे बघितलं. मग विचारलं, "म्हणजे त्याला परत जाता येणारच नाही?"

"नाही."

"कधीच?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

पुढची लबाडी कोणाच्या डोक्यातून निघाली यावर आमचा अजून वाद आहे. ती म्हणते माझ्या, मी म्हणते तिच्या. दुपारी लेकीला शाळेतून घेतलं आणि तिघी बरण्या घेऊन निघालो. खाडी, दोन ओढे, एक तलाव, एक डबकं, धरणाखालचा नाला. खाडीवर पार्कचा एक माणूस जवळ येऊन काय चाललंय विचारायला लागला. मी म्हटलं, मुलीचा स्कूल प्रोजेक्ट. आईनं त्याला हसून मराठीत विचारलं, "जेवलात का?" तो गोंधळून निघून गेला. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, "मॉम, धिस इज लिटरली फोर्जरी." मी तिला आइस्क्रीम कबूल केलं. घरी येऊन चिठ्ठ्या लिहिल्या, हुबेहूब त्याच्या वाकड्या अक्षरात. इतक्या वर्षांत माझी रेघ त्याला पसंत पडली असती तर ती त्या चिठ्ठ्यांवरची.

राहिली सातवी. रंग डोळ्यांसमोर होताच. मी आईला सांगितलं, अर्धा चमचा चहा पावडर, पाणी, बस्स. उकळ, गाळ, गार कर. आणि मी चिठ्ठीवर त्याच्या गावाचं नाव गिरवायला बसले. चहा आला तो थेट तळ्याच्याच रंगाचा. आम्ही दोघींनी बरणी उजेडात धरून बघितली आणि एकमेकींकडे चोरासारखं हसलो. तेव्हा मला जरासुद्धा लाज वाटली नाही, हे कबूल करायला हवं.

मंगळवारी तो गॅरेजमध्ये होता. चेहरा उतरलेला, डावा खांदा आखडून धरलेला. खिडकीकडे बघून म्हणाला, "आज ऊन जास्त आहे की काय?" मी म्हटलं, असेल. आई डबा घेऊन दारातच उभी राहिली. त्यानं पाणमांजराचं चित्र पुढ्यात ओढलं. "ऑपरेशनच्या टेबलावर निजलो होतो तेव्हा ठरवलं," तो म्हणाला, "घरी गेलो की आधी हे." सातव्या बरणीतलं पाणी त्यानं बशीत ओतलं, मोठा ब्रश भिजवला आणि डोंगराखालच्या कोऱ्या जागेवर एका दमात तळं पसरलं. सुंदर पसरलं. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यानं पाणमांजराच्या मिश्यांसाठी बारीक ब्रश घेतला, बशीत बुडवला आणि ओठांत धरून ओढला.

आणि थांबला. ब्रशकडे बघितलं. पुन्हा चाटला. तिसऱ्यांदा चाटताना डोळे मिटून घेतले.

"माझ्या गावच्या तळ्यात," तो सावकाश म्हणाला, "आलं कधीपासून पिकायला लागलं?"

मी आईकडे वळले. आईला इंग्रजी येत नाही, पण त्या चेहऱ्याला भाषा लागत नव्हती. "अगं, सवयीनं घातलं गेलं," ती पुटपुटली. "किसणी हाताशीच होती. साखर पण थोडी. चहा ठेवला की हात आपोआप जातो गं." पन्नास वर्षं तिनं आलं-साखरेशिवाय चहा केला नव्हता. आणि मी, तिची मुलगी, तिच्या हातात पातेलं देऊन चिठ्ठी रंगवत बसले होते.

मी सगळं सांगितलं. धुणं, कढीपत्ता, खाडी, चिठ्ठ्या, सगळं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं ब्रश हळूच आडवा ठेवला आणि एवढंच विचारलं, "सगळंच ओतलं?"

"सगळं."

तो उठून आमच्या अंगणात आला. स्लीपर घालून, भिंतीचा आधार घेत. कढीपत्त्याच्या कुंडीशी उभा राहिला, वाकला, चिमूटभर माती बोटांत घेऊन हुंगली. "याला आवडलं का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, नवी पालवी फुटलीय. त्यानं मान हलवली आणि आपल्या घरात गेला. दार त्यानं आपटलं नाही, नेहमीसारखं लोटून घेतलं.

मी किचनमध्ये उभी राहून रडले. आईनं धुतलं ते न कळता धुतलं. फसवलं मी. ज्या एका जागी मला कोणी नीट बघायला शिकवलं, त्याच जागी मी त्याला खोटं पाणी दिलं, आणि आता तो मंगळवार माझा राहणार नाही असं मला वाटत होतं. आईनं कपाट उघडलं, गडू पदराखाली घेतला आणि चालू लागली. मी डोळे पुसत मागे धावले.

गॅरेजमध्ये तो तसाच अर्ध्या चित्रासमोर बसला होता. आईनं त्याच्या टेबलावरचा कागद कापायचा चाकू उचलला आणि गडूच्या तोंडाशी टोक लावलं.

"आई, काय करतेस?"

"तू फक्त सांग त्याला हे काय आहे ते."

मी सांगितलं. काशी, शेवटच्या वेळी तोंडात घालायचं पाणी, बाबांचा गडू आणि तिचा गडू. तो ऐकत होता आणि त्याचा हात पुढे आला, तिचा चाकू धरलेला हात अडवायला. "नाही, आई. हे तुमचं आहे. तुम्हाला लागेल."

मी ते मराठीत सांगितलं. आईनं चाकू फिरवायचा थांबवला नाही.

"म्हणावं, माझी कृष्णा माझ्या घराच्या मागे आहे. उन्हाळा संपला की मी तिच्याकडेच चाललेय. याला कुठं जाता येणार आहे?"

मला ते इंग्रजीत नीट सांगता आलं नाही. पण कुठला तरी शब्द पोचला असणार, कारण त्यानं हात मागे घेतला. झाळ सुटली. आईनं सातवी बरणी पदरानं पुन्हा एकदा पुसली, सवय जात नाही, आणि गडू तिच्यात उपडा केला. दोन बोटं पाणी आलं.

तळ्याचा पहिला हात आमच्या चहाचा होता, तो तसाच राहिला. त्यानं मोठ्या ब्रशनं त्यावर दुसरा हात दिला. मग बारीक ब्रश घेतला, रंगात फिरवला, आणि साठ वर्षांच्या सवयीनं ब्रश ओठांकडे निघाला. अर्ध्या वाटेत थांबला. कोणी त्याला उष्ट्याबद्दल कधी सांगितलं नव्हतं, पण आईची नजर त्यानं इतके दिवस बघितली असणार, बघणं हा तर त्याचा धंदाच. तो ब्रश हवेत धरून तिच्याकडे बघत राहिला. आईनं हातानं खूण केली, चालू दे.

त्यानं ब्रश चाटला आणि गंगेत बुडवला.

"गोड लागतंय का विचार त्याला," आई म्हणाली. "या खेपेला मी काही घातलेलं नाही."

हे मात्र मी एकही शब्द न गाळता त्याला सांगितलं.